उभं करून मोजलेलं बीपी

अॅड्रिनल ग्रंथी निकामी झालेल्या पेशंटची फाईल उघडली की त्यात हमखास एक कागद सापडतो, सीरम कॉर्टिसॉलचा रिपोर्ट. गोळी चालू असतानाच रक्त दिलेलं असतं. कधी सकाळी, कधी पहिली एसटी चुकली म्हणून दुपारी. आकडा कमी दिसला म्हणून डोस वाढवलेला असतो आणि पुढच्या खेपेला जास्त दिसला म्हणून घटवलेला असतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. निदान झाल्यावर, उपचार चालू असताना, हा कागद जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यातून होणारं नुकसान पैशापुरतं राहत नाही. कागद हातात आला की खरी तपासणी झाल्यासारखं वाटतं आणि ती राहून जाते. ही खरी तपासणी म्हणजे वजनकाटा, पेशंटला उभं करून मोजलेलं बीपी, सोडियम-पोटॅशियमचा साधा रिपोर्ट आणि माणसाच्या दिवसाची नीट केलेली चौकशी. यातलं काहीही महाग नाही आणि यातल्या कशासाठीही पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी रोज थोडं कॉर्टिसॉल आणि त्याहून कितीतरी कमी अल्डोस्टेरॉन तयार करतात. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री तळाला असतं. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की निरोगी शरीर आपलं आपण ते कितीतरी पटीनं वाढवतं. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ धरून ठेवतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या आजाराचं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यावर इलाज नव्हता. कॉर्टिसोन विसाव्या शतकाच्या मध्यावर हाती आलं, आणि त्या कामासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं. तेव्हापासून हा आजार जगण्याजोगा झाला आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन वेळांत विभागून, किंवा ३ ते ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि ग्रंथीच गेली असेल तर सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची ०.१ मिलिग्रॅमची गोळी अर्धी किंवा एक, एवढाच मामला असतो. पण शरीर जी घटबढ स्वतः करत होतं, ती आता माणसाला करायची असते. लक्ष ठेवायचं ते यावर.

हायड्रोकॉर्टिसोनची गोळी पोटात गेल्यावर रक्तातली पातळी तासाभरात चढते आणि त्यानंतर साधारण दर दीड तासाला निम्मी होते. म्हणजे सकाळी सहाला गोळी घेतलेल्या माणसाचं रक्त सातला काढलं तर आकडा भरपूर येईल, अकराला काढलं तर तळाशी येईल. डोस तोच आणि माणूसही तोच. प्रेडनिसोलोन चालू असेल तर अनेक यंत्रं त्यालाच काही अंशी कॉर्टिसॉल समजून मोजतात. डेक्सामेथासोन असेल तर ते यंत्राला दिसतच नाही, पण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मात्र दाबलेलं असतं. बाई माला-डी घेत असेल तर त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्लुकोकॉर्टिकॉइडचा डोस पेशंटच्या लक्षणांवरून आणि तपासणीवरून ठरवावा, संप्रेरकांच्या पातळ्या मोजून नव्हे, असं स्पष्ट सुचवलं आहे. तरीही लॅबच्या छापील पॅकेजमध्ये कॉर्टिसॉल असतं आणि ते लिहून दिलं जातं.

कॉर्टिसॉलची तपासणी कधीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. निदानाच्या वेळी, गोळी सुरू होण्याआधी, सकाळी आठच्या सुमाराला काढलेलं कॉर्टिसॉल मोलाचं असतं. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे झोपलेली ग्रंथी जागी होते आहे का, हे पाहायलाही तेच लागतं. फक्त आदल्या दिवसाची गोळी घेतल्यावर चोवीस तास जाऊ द्यायचे आणि त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर ग्रंथी सावरली, ५ च्या खाली राहिला तर गोळी चालू ठेवायची. जन्मजात दोष असलेल्या मुलांमध्ये वेगळी संप्रेरकं मोजावीच लागतात आणि उंचीचा आलेख काढावा लागतो. पण ज्याच्या ग्रंथी क्षयानं किंवा दुसऱ्या कशानं कायमच्या गेल्या, त्याचं कॉर्टिसॉल गोळीवर असताना मोजणं म्हणजे बादलीत आपणच ओतलेलं पाणी मोजून विहिरीला किती पाणी आहे ते ठरवणं.

याउलट बीपीचं मशीन पाहा. खाटेवर पाच मिनिटं आडवं निजवून बीपी घ्यायचं, पट्टा दंडावर तसाच ठेवून पेशंटला उभं करायचं, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला तर मीठ किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडतं आहे, अशी शंका घ्यायची. तेवढ्या तीन मिनिटांत माणूस खाटेचा कठडा धरतो का, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतो का, हेही दिसतं. मग जीभ, हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांचे पेरे आणि जुन्या जखमांचे व्रण बघायचे. मूळ ग्रंथीच निकामी असेल तर हे भाग काळवंडतात, आणि डोस पुरेसा पडायला लागला की हळूहळू उजळतात. आपल्याकडे चेहरा काळवंडला तर उन्हानं रापला म्हणतात आणि शेतकऱ्याच्या बाबतीत ते पटतंही. पण हिरड्यांना ऊन लागत नाही. वजन प्रत्येक भेटीला एकाच काट्यावर घ्यावं. ते उतरत असेल, सकाळी मळमळत असेल, सांधे आखडत असतील तर डोस अपुरा आहे. चेहरा गोल होतो आहे, पोट सुटतं आहे, जरा लागलं की काळंनिळं होतं आहे, साखर वाढते आहे, तर डोस जास्त आहे. पायाला सूज, चढलेलं बीपी आणि उतरलेलं पोटॅशियम ही फ्लुड्रोकॉर्टिसोन जास्त झाल्याची खूण.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे, आकड्याइतकं भरवशाचं नाही. थकवा तर प्रत्येकालाच असतो. आक्षेपातला दुसरा भाग खरा आहे. थकवा या एका शब्दावर डोस वाढवत गेलं तर दोन वर्षांत हाडं ठिसूळ होतात. त्यासाठीच थकव्याची वेळ विचारावी लागते. सकाळी उठल्यापासून गोळी लागू पडेपर्यंतचा थकवा वेगळा, दुपारी तीनला गळून जाणं वेगळं, आणि रात्री झोप न येता दिवसभर जांभया देणं वेगळं. पहिल्यावर उपाय म्हणजे डोळे उघडल्याबरोबर अंथरुणातच गोळी घेणं. दुसऱ्यावर दुपारची गोळी तासभर अलीकडे आणणं. तिसऱ्यात बहुधा संध्याकाळची गोळी उशिरा घेतलेली असते, ती झोपेच्या चार-सहा तास आधी हवी. तिन्ही ठिकाणी एकूण मिलिग्रॅम तेवढेच राहतात. आणि वजन, उभं असतानाचं बीपी, सोडियम, पोटॅशियम हेही आकडेच आहेत. ते लॅबच्या छापील पॅकेजमध्ये येत नाहीत, एवढाच फरक.

वेळेचा हा मुद्दा आमच्या भागात पुस्तकातल्यासारखा सरळ नसतो. सकाळी दहा, दुपारी पाच, संध्याकाळी अडीच मिलिग्रॅम असं केसपेपरवर लिहिणं सोपं आहे. पण शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री असेल, तर उसाला पाणी पाजायला माणूस मध्यरात्री रानात असतो आणि सकाळी दहाला झोपतो. साखर कारखान्यात पाळी बदलते. गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे अंधारात फडावर जातात. अशा माणसाची 'सकाळ' घड्याळात शोधून सापडत नाही. तो उठतो कधी आणि राबतो कधी हे विचारावं लागतं, आणि गोळ्या त्या उठण्याला बांधाव्या लागतात. पाळी बदलली की गोळीची वेळ बदलायची, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं बरं. चिठ्ठीवर 'सकाळी' ऐवजी 'उठल्याबरोबर' लिहिलं तर निम्मं काम होतं.

मिठाचंही तसंच. घरात कुणाला तरी बीपी असतं, सगळ्यांचाच स्वयंपाक बेतानं खारट होतो, आणि वर कुणी तरी 'मीठ कमी खा' असा सरसकट सल्ला दिलेला असतो. अल्डोस्टेरॉन नसलेल्या माणसाला हा सल्ला घातक आहे. एप्रिल-मे महिन्यांत माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत रानात काम करणाऱ्याच्या घामातून किती मीठ जातं, ते सदऱ्यावरच्या पांढऱ्या डागांवरून दिसतं. त्या दिवसांत ताकात मीठ वाढवायचं आणि गरज पडली तर फ्लुड्रोकॉर्टिसोनही. काही व्रतांत मीठ वर्ज्य असतं, रोज्यात दिवसभर पाणीही चालत नाही. श्रद्धेचा मान ठेवूनही हे विचारावंच लागतं आणि बहुतेकांना अशा उपवासापासून परावृत्त करावं लागतं. पेशंट आपणहून सांगत नाही, कारण उपवासाचा गोळीशी संबंध असेल असं त्याच्या मनातही येत नाही. लोणच्याचा खार चाटावासा वाटतो का, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याचा नाही. मिठाची अशी ओढ ही फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडत असल्याची जुनी आणि खात्रीची खूण आहे.

आजार कशानं झाला, यावरही लक्ष कशावर ठेवायचं ते ठरतं. पाश्चात्त्य देशांत अॅडिसनच्या आजाराचं मुख्य कारण आता शरीराचीच बिथरलेली प्रतिकारशक्ती हे आहे. आपल्याकडे क्षय अजून हटलेला नाही, आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्गही सापडतो. सांगली-मिरज हा भाग क्षयाशी फार जुना परिचित आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि त्यांचं नाव असलेली वानलेसवाडी क्षयाच्या आरोग्यधामासाठी ओळखली गेली. क्षयाच्या पेशंटमध्ये एक फट अशी आहे की त्यातून माणूस हातचा जातो. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला असं चेतवतं की कॉर्टिसॉल भराभर मोडीत निघतं. कालपर्यंत पुरणारी गोळी पंधरा दिवसांत अपुरी पडते आणि डोस कधी दुप्पट करावा लागतो. क्षयाची औषधं एका खिडकीवर मिळतात आणि स्टेरॉइड दुसऱ्या डॉक्टरकडून. दोन्ही केसपेपर एका टेबलावर येतीलच असं नाही. उपचार संपून रिफाम्पिसिन थांबलं की डोस परत खाली आणायचा असतो, तेही विसरलं जातं. म्हणून प्रत्येक भेटीत 'नवीन कुठली गोळी चालू झाली, कुठली बंद झाली' हे विचारणं मला कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरा गट पिट्युटरीच्या, म्हणजे अॅड्रिनलला हुकूम देणाऱ्या ग्रंथीच्या, बिघाडाचा. बाळंतपणात फार रक्त गेलेली, नंतर दूध न आलेली, पाळी परत सुरू न झालेली बाई पुढे कित्येक वर्षं अशक्तपणाची टॉनिकं घेत राहते. घोणस चावल्यावर वाचलेल्या काही जणांचीही पिट्युटरी निकामी होते. हे ब्रह्मदेशातून १९८० च्या दशकात नोंदलं गेलं आणि भारतातूनही नोंदलं गेलं आहे. उसाच्या पट्ट्यात घोणस नवी नाही. या लोकांची त्वचा काळवंडत नाही, पोटॅशियम चढत नाही, म्हणून त्यांच्यात हिरड्या पाहून काही कळत नाही. त्यांच्या थायरॉइडचा रिपोर्ट बिघडलेला दिसतो आणि थायरॉक्सिन सुरू होतं. स्टेरॉइडच्या आधी थायरॉक्सिन दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्यानं संपतं आणि माणूस कोसळू शकतो.

सर्वांत मोठा गट मात्र औषधानं झालेला. सांधेदुखीच्या, दम्याच्या, अंगदुखीच्या पुड्या, त्यात काय आहे ते न सांगता महिनोन्‌महिने दिलेल्या. किंवा एकदा लिहून दिलेली स्टेरॉइडची गोळी मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून घेत राहिलेली. गुण लगेच येतो, म्हणून पुडी सुटत नाही. मग कुणी तरी सांगतं की स्टेरॉइड वाईट, आणि माणूस एका दिवसात सगळं बंद करतो. ग्रंथी झोपलेली असते; आठवड्यात उलट्या आणि चक्कर सुरू होतात. 'स्टेरॉइडची सवय लागते, म्हणून गोळी नको' हा आक्षेप इथून येतो आणि तो चुकीच्या माणसाला लावला जातो. जास्तीचं स्टेरॉइड आणि नसलेल्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेही माणसाला इन्सुलिनचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. पुडीचा राग योग्यच आहे, पण ज्याची ग्रंथी पुडीनं झोपवली त्याला गोळी अधिक सावधपणे, महिनोन्‌महिने उतरवत न्यावी लागते. त्या काळात तोही अॅडिसनच्या पेशंटइतकाच जोखमीत असतो.

जोखीम असते ती ताप-उलटीच्या दिवसाची. ताप आला की गोळी दुप्पट किंवा तिप्पट, दोन-तीन दिवस, मग परत मूळ डोस. उलटी होत असेल, गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत किंवा शिरेत, आणि सलाईन. नियम एवढाच आहे आणि तो बहुतेक पेशंटना पाठ असतो. पण पाठ असणं पुरत नाही, हे जर्मनीतल्या एका पाहणीनं दाखवलं. नियम नीट शिकवलेल्या ४२३ पेशंटवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तरी दर शंभर पेशंटमागे वर्षाला ८.३ वेळा अॅड्रिनल क्रायसिस आला आणि काहींचा जीव गेला. सुरुवात अनेकदा साध्या गॅस्ट्रोनं किंवा तापानं झाली होती. शिकवलेल्यांची ही स्थिती, तर पावसाळ्यात गावच्या विहिरीला गढूळ पाणी आलं की आमच्याकडे काय होत असेल ते सांगायला नको. पेशंट जवळच्या दवाखान्यात जातो, गॅस्ट्रो म्हणून सलाईन लागतं, बीपी तात्पुरतं सावरतं, आणि ज्या इंजेक्शननं जीव वाचतो ते दिलंच जात नाही. म्हणून दर भेटीत विचारायचं, मागच्या सहा महिन्यांत किती वेळा गोळी वाढवली? 'एकदाही नाही' हे उत्तर ऐकून खूश होऊ नये. सहा महिन्यांत एकदाही ताप-सर्दी न झालेला माणूस विरळा. त्यानं बहुधा वाढवायला हवी तेव्हा वाढवली नाही.

असाही प्रश्न येतो की हा आजार दुर्मीळ आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रावर अडीचशेची ओपीडी असते, तिथल्या डॉक्टरनं हे सगळं कशाला डोक्यात ठेवायचं. दुर्मीळ आहे हे मान्य. पुडीवाले मोजले तर तेवढा दुर्मीळ राहत नाही. पण वेळेचा प्रश्न खराच आहे, म्हणून माझा आग्रह विभागणीचा आहे. निदान आणि डोसची आखणी मिरज, कराड, सातारा इथल्या मोठ्या रुग्णालयांत व्हावी. वजन आणि उभं असतानाचं बीपी गावाजवळ परिचारिका किंवा आरोग्यसेविका घेऊ शकते, त्याला दहाएक मिनिटं लागतात. आणि प्रत्येक पेशंटजवळ मराठीतलं एक कार्ड असावं, आधारकार्डाच्या पाकिटात मावेल एवढं. त्यावर आजाराचं नाव, रोजचा डोस आणि 'उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम' ही ओळ. १०८ च्या गाडीतला डॉक्टर ते वाचू शकतो, त्याला घरच्यांकडून इतिहास काढत बसावं लागत नाही.

पेशंटच्या घरी इंजेक्शन ठेवायला द्यावं का, यावर डॉक्टरांत दुमत आहे. गैरवापर होईल, सुई चुकेल, औषध मुदतीबाहेर जाईल ही भीती अनाठायी नाही. पण मांडीच्या स्नायूत चुकून नको तेव्हा दिलेल्या एका १०० मिलिग्रॅमनं निरोगी माणसालाही सहसा अपाय होत नाही, आणि हवं तेव्हा न दिल्यानं मृत्यू येतो. दोन्ही पारडी सारखी नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावंच्या गावं दिवसेंदिवस पाण्यात होती आणि मेडिकल दुकानंही बुडाली. कृष्णाकाठच्या पेशंटकडे जूनमध्येच दोन महिन्यांच्या गोळ्या, इंजेक्शनच्या दोन कुप्या, सिरिंज आणि पाण्याची अँप्यूल प्लॅस्टिकच्या डब्यात बांधून असायला हवी. फ्लुड्रोकॉर्टिसोन २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी तालुक्याच्या मेडिकलला ते आधी सांगून मागवावं लागतं, तेव्हा शेवटच्या पाच गोळ्या उरेपर्यंत थांबू नये.

गावोगावच्या डॉक्टरांना माझी विनंती एकच आहे. दम्याच्या झटक्यासाठी आणि रिअॅक्शनसाठी तुमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये हायड्रोकॉर्टिसोनची कुपी असतेच. अशा पेशंटनं उलट्यांमुळे गोळी टिकत नाही म्हणून सांगितलं, तर सोडियमचा रिपोर्ट यायची वाट न पाहता सलाईनसोबत ती कुपी आधी फोडा, आणि मग आमच्याकडे पाठवा.